‘पहिली रेल्वे’ आणि कट्ट्यावरची खोडाखोडी

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी जमणाऱ्या मित्रमंडळींत एप्रिलच्या मध्याला एक वाद हमखास निघतो. भारतातली पहिली रेल्वे आपल्या ठाण्याला आली, असे एक जण अभिमानाने सांगतो. नुकतेच काहीतरी वाचून आलेला दुसरा त्याला मध्येच अडवतो आणि ही ऐकीव समजूत असून पहिली गाडी उत्तरेत, आजच्या उत्तराखंडातल्या रुरकीला धावली, असे ठणकावतो. मग चहाची पैज लागते. या वादात दोघेही अर्धेच खरे असतात, आणि आश्चर्यकारक माहिती सांगण्याच्या व गैरसमज खोडण्याच्या या जुन्या छंदाचा स्वभाव त्यातच दिसतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, २१ तोफांच्या सलामीत, १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली. ती ओढणाऱ्या तीन इंजिनांची साहिब, सिंध आणि सुलतान ही नावे ठाण्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. मात्र त्याआधी, १८५१ च्या डिसेंबरात, गंगा कालव्यासाठी रुरकीजवळ सोलानी नदीवर बांधल्या जाणाऱ्या जलसेतूच्या कामावर वाफेचे इंजिन मालवाहतूक करू लागले होते. आणि त्याच्याही आधी, १८३७ मध्ये, मद्रासजवळच्या रेड हिल्स येथे दगड वाहून नेण्यासाठी लोहमार्ग घातला गेला होता. म्हणजे ठाण्याचा मान ‘पहिल्या प्रवासी गाडी’चा आहे. ‘प्रवासी’ हा शब्द गाळला की अभिमान चुकतो, आणि तो गाळून उत्तर दिले की खंडनही चुकते. वाद रेल्वेपेक्षा या एका विशेषणाचाच आहे, हे पैज लावणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

प्रचलित समजुती गोळा करून एकेक तपासण्याचा मोठा प्रयत्न इंग्लंडमधील नॉरिचचे वैद्य सर थॉमस ब्राउन यांनी १६४६ साली केला. हत्तीच्या पायांना सांधे नसतात, हिरा बोकडाच्या रक्ताने मऊ पडतो, अशा त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांनाही मान्य असलेल्या गोष्टी त्यांनी आपल्या ग्रंथात घेतल्या. मेलेला खंड्या पक्षी दोऱ्याला टांगला तर त्याची चोच वाऱ्याची दिशा दाखवते, अशी एक समजूत होती. ब्राउन यांनी तो पक्षी खरोखरच रेशमाच्या धाग्याला टांगून पाहिला, आणि दोन पक्षी टांगल्यावर ते दोन वेगळ्या दिशांना तोंड करतात, असे नोंदवले. इतकी साधी आणि इतकी निरुत्तर करणारी परीक्षा आजही क्वचितच कोणी करतो. तरीही हेच ब्राउन पुढे चेटकिणींवरच्या एका खटल्यात साक्षीला उभे राहिले आणि चेटूक खरे असते, असे त्यांनी सांगितले. त्या खटल्यात दोन स्त्रियांना फाशी झाली. गैरसमज खोडणारा माणूस स्वतः गैरसमजांतून सुटलेला असतोच, असे नाही.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, ही कट्ट्यावरची दुसरी आवडती गोष्ट तर माणूस चंद्रावर जाण्याच्या कितीतरी आधीची आहे. विल्यम स्टुकली या इंग्रज अभ्यासकाच्या १७५४ मधील पत्रात ती कल्पना म्हणून आली होती. १९३२ मध्ये रॉबर्ट रिप्ली यांच्या प्रसिद्ध व्यंगचित्रमालेने ती वस्तुस्थिती म्हणून छापली. २००३ साली यांग लिवेई हे चिनी अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरून आले आणि भिंत दिसली नाही, असे त्यांनीच सांगितले, तेव्हा चीनमध्येही ती बातमी झाली.

अशा पैजांचा निकाल लावायला पूर्वी पुस्तक लागे. आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेल्या मंडळींत युरोपात शिकारीचा कोणता पक्षी सर्वांत वेगाने उडतो यावरून १९५१ मध्ये वाद झाला, आणि त्यातूनच १९५५ साली गिनेसचा विक्रमांचा पहिला ग्रंथ निघाला. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण तिथपर्यंत जाऊन कोश उघडण्यापेक्षा आवाज चढवणे नेहमीच सोपे ठरत आले आहे.

या सगळ्यात सर्वांत बोधक कहाणी पालकाची आहे. पालकात भरपूर लोह असते, ही घराघरांतली समजूत. तिच्यावरचे चतुर उत्तर असे की, जुन्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या आकड्यात दशांश चिन्ह एक घर सरकले आणि लोह दहापट झाले. टी. जे. हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे लिहिले, आणि पुढे तीस वर्षे ते चुकीचे आकडे कसे पसरतात याचे उदाहरण म्हणून सांगितले गेले. २०१० च्या सुमारास माइक सटन या गुन्हेशास्त्रज्ञाने मूळ कागद शोधायला घेतले, तेव्हा सरकलेल्या दशांश चिन्हाचा पुरावा सापडला नाही, आणि हॅम्ब्लिन यांनाही आपला आधार दाखवता आला नाही. पालकातले लोह शरीरात फारसे शोषले जात नाही, हे खरेच आहे. परंतु ते सांगण्यासाठी जी गोष्ट रंगवून सांगितली गेली, तीच लोणकढी निघाली.

आपल्याकडे खंडनाला नुसत्या गमतीचे रूप फार काळ राहिले नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली. तेव्हा दुधात रंग मिसळून ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांचे कामच अशा दाव्यांची तपासणी हे होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन घातले, आणि नंतर वारंवार फिरलेल्या संदेशांवर दुहेरी बाणाची खूण येऊ लागली.

त्यामुळे १६ एप्रिलला सकाळी ठाण्याच्या गटांवर पहिल्या रेल्वेचा जो संदेश येतो, त्यावर हा दुहेरी बाण असतो. आणि दुपारपर्यंत त्याला उत्तर म्हणून रुरकीचा जो संदेश येतो, त्यावरही.