धातूचे दंतपूरण आणि मुखस्वच्छता

किडलेला भाग कोरून दातात भरलेला किंवा दातावर कॅप म्हणून चढवलेला धातू किती टिकेल, हे बरेचसे रोजच्या ब्रशवर अवलंबून असते. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत जुनी माणसे ‘दाढेत चांदी भरली’ म्हणतात, ती चांदी म्हणजे अ‍ॅमलगम. त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील आणि तांबे. सुरुवातीला ती मऊ असते आणि पुरती घट्ट व्हायला साधारण 24 तास लागतात. म्हणून पहिल्या दिवशी त्या बाजूने चावू नये.

चांदी काळी पडली की लोक घाबरतात. हा बहुधा नुसता रंग असतो: लाळेतल्या आणि अन्नातल्या गंधकामुळे वर सल्फाइडचा थर येतो. खरे लक्ष द्यायला हवे ते धातू आणि दात यांच्या सांध्याकडे. धातूला कीड लागत नाही, त्याच्या कडेच्या दाताला लागते. नव्या अ‍ॅमलगमभोवती सूक्ष्म फट राहते आणि गंजातून तयार होणारे क्षार ती हळूहळू बुजवतात. थोडा गंज इथे उपयोगाचाच. पण कडेवर जिवाणूंचा चिकट थर साचून राहिला, तर त्याखाली प्राणवायू कमी पडतो, आम्ल वाढते आणि गंज धातू आतून पोखरू लागतो. सामू (pH; हा आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की शेजारचे दंतवल्कही, म्हणजे दाताचे वरचे कठीण कवचही, विरघळू लागते. भरलेल्या दाढेत पुन्हा कीड शिरते ती अशी.

या दृष्टीने इंदूरचा सराफा बाजार अवघड जागा आहे. सोन्या-चांदीची दुकाने मिटल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि मध्यरात्री जिलबी खाऊन तसेच झोपले की झोपेत लाळ कमी झाल्याने साखर कडांपाशी रेंगाळते. तेव्हा झोपण्यापूर्वीचा ब्रश टाळू नये. लिंबू पिळलेले काही खाल्ले असेल, तर अर्धा तास थांबून करावा.

राखुंडी, मीठ किंवा कोळशाच्या खरखरीत मंजनाने चकाकी येते असे वाटते, पण पृष्ठभाग ओरखडतो आणि ओरखड्यांत थर अधिक धरतो. हिरडी खाली सरकली असेल, तर कॅपच्या कडेखालचे मुळाचे मऊ दंतिनही (दंतवल्काहून मऊ असा दाताचा आतला भाग) झिजते. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते. दातांच्या फटीत मात्र ब्रश पोहोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा, हवा. दात पांढरे करणाऱ्या पेरॉक्साइडने अ‍ॅमलगममधून पारा अधिक सुटू शकतो, म्हणून भरलेल्या दाढा असतील तर आधी दंतवैद्याला विचारावे.

टायटॅनियमच्या इम्प्लांटवरील (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरील) ऑक्साइडचे कवच आम्लयुक्त फ्लोराइड जेलने बिघडू शकते. आम्ल नसलेल्या, उदासीन पेस्टने ती भीती नाही. कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा असलेली काढती कवळी ब्लीचच्या पाण्यात भिजत घालू नये, धातू गंजतो.