डिफरन्शियल वाजतंय? जाड ऑईल टाक, म्हणे!

ठाण्यातल्या माजिवड्यापासून नवी मुंबईतल्या तुर्भ्यापर्यंत कुठेही विचारा, रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कारच्या मागून घूं घूं येतंय म्हटलं की ठरलेलं उत्तर, डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) गेलं, सध्या जाड ऑईल टाक. अरे, त्याने आवाज फार तर दबतो, झीज थोडीच भरून निघते! आणि मुळात तो डिफरन्शियलचाच आहे हे बघितलं कोणी?

पहाटे पामबीच रोड मोकळा असतो, एकसारखी ६० ला चालवा. अ‍ॅक्सिलरेटर दिला-सोडला की आवाज बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या एकमेकांत बसणाऱ्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांवर. गाडी हलकेच डावी-उजवीकडे घेतल्यावर बदलतो, तर बहुतेक व्हील बेअरिंग, डिफरन्शियल उघडायचंच नाही.

मॉलच्या पार्किंगमधे हळू वळताना कडकड-थरथर होते ते प्रकरण वेगळं. लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक मोकळं गरगरू न देणाऱ्या डिफरन्शियलच्या) क्लच प्लेटा चिकटून सुटतात, बऱ्याचदा ऑईलमधे फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा चिकटू न देणारं मिश्रण) नसतो म्हणून. कंपनीने सांगितलेलं ऑईल मॉडिफायरसकट भरा, मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा, बहुधा गप्प बसतं. (टॉर्सन, म्हणजे गिअरवर चालणारं लिमिटेड स्लिप, असलेल्यांनी हे सोडा, त्यात क्लच प्लेटाच नसतात.)

ऑईल काढाल तेव्हा ड्रेन प्लगचं मॅग्नेट बघा. करडी मऊ पेस्ट चालते, टोकदार तुकडे दिसले की उघडणं आलं. मग शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या), डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), दातांना रंग लावून घासण्याची खूण बघणं, सगळं आलं. क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलतात, 'नुसता पिनियन टाकतो' म्हणणाऱ्याकडून चावी परत घ्या.