ठणका की झटका: दाढदुखी आणि चेहऱ्याच्या नसेचं दुखणं

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा आता नाहीत. त्यातली एक खरोखर किडलेली होती. दुसरी चांगली धडधाकट होती आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. कोणी फसवून काढली नाही. मीच हात जोडून काढायला लावली. दाताचे डॉक्टर सांगत होते, "मॅडम, एक्स-रेत काही दिसत नाही, थोडं थांबू." मी म्हटलं, "थांबणं माझ्याने होत नाही, काढा." दाढ दुखते तेव्हा माणूस असाच हट्ट करतो आणि चेहऱ्याची नस दुखते तेव्हाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

नसेच्या या दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्युराल्जिया. ते मला कळायला दीड वर्ष लागलं. त्यात 'नस' या शब्दाने गोंधळ आणखी वाढवला. आपल्याकडे पोटरीत गोळा आला की नस चढली, हातावरची निळी शीर फुगली तरी नस, आणि कंबरेतून पायात कळ गेली की नस दबली. पहिला स्नायू, दुसरी रक्तवाहिनी, मज्जातंतू काय तो तिसराच. शेजारच्या काकूंना मी नसेचा त्रास आहे असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्या नस बसवून देणाऱ्या बाईचा पत्ता घेऊन आल्या. तोंडाची नस म्हटलं की काही जणांना वाटतं, वारं गेलं. तोंड वाकडं होतं तो आजार निराळा. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांना क्रमांक आहेत. त्यातली सातवी चेहरा हलवते, ती बिघडली की तोंड वाकडं होतं. दुखते ती पाचवी. त्यात तोंड सरळ राहतं, आरशात काही दिसत नाही, आणि म्हणून घरच्यांनाही पटत नाही.

या पाचवीला तीन फांद्या आहेत. एक कपाळाकडे आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. वरचे सगळे दात दुसरीच्या ताब्यात, खालचे तिसरीच्या. हे दुखणं बहुतेक वेळा याच दोन फांद्यांत होतं. म्हणजे दाढेची तक्रार मेंदूपर्यंत नेणारी तार आणि स्वतःच बिघडलेली तार, दोन्ही एकच. मेंदूला फक्त एवढं कळतं की खालच्या दाढेच्या लाइनवर काहीतरी झालं.

नागपूरकरांना हे कूलरवरून चटकन कळेल. उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो. हात लागला की झटका पत्र्यातून बसतो, पण पत्र्याचा दोष काहीच नसतो. आत कुठेतरी वायरचं आवरण घासून गेलेलं असतं. माझी दुसरी दाढ म्हणजे तो पत्रा. तो बदलून आणला तरी करंट राहणारच.

खऱ्या दाढदुखीत बिघाड दाढेतच असतो. कीड आतल्या मऊ भागापर्यंत पोचते, तिथे सूज येते, पण भोवती टणक कवच असल्यामुळे सुजायला जागा नसते. म्हणून ठणका लागतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त जातं, म्हणून रात्री तो वाढतो. नसेच्या दुखण्यात बहुधा असं होतं की नस मेंदूच्या बुंध्यातून जिथे निघते, तिथे एखादी धमनी तिला टेकलेली असते. प्रत्येक ठोक्याला ती घासते आणि वर्षानुवर्षांनी नसेचं आवरण झिजतं. मग शेजारशेजारचे उघडे तंतू एकमेकांत मिसळतात, आणि साध्या स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तंतूवर उडी मारतो. धमनीची ही गोष्ट अमेरिकेतले शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये मांडली. आजाराची ओळख त्याहून जुनी आहे. फ्रान्समध्ये निकोला आंद्रे यांनी १७५६ मध्येच त्याला 'तिक दुलुरू' असं नाव दिलं होतं. कळ आली की चेहरा आक्रसतो, त्यावरून.

आता मुद्द्याचं. डॉक्टर आधी विचारतात, "कुठे दुखतं?" या प्रश्नाला दोन्ही आजारांचं उत्तर सारखंच असतं, त्यामुळे त्यातून फारसं काही कळत नाही. कशाने सुरू होतं, किती वेळ टिकतं आणि मधल्या वेळात काय असतं, हे विचारलं की दोघं वेगळे पडायला लागतात.

वेळेचंच घ्या. मी सगळ्यांना सांगायची, अर्धा तास दुखतं. एकदा मुलीने मोबाइलवर वेळ लावली. "आई, वीस सेकंद." मग परत वीस सेकंद, मग पंधरा. एकामागून एक झटके येतात आणि आपल्याला ती एकच लांब कळ वाटते. नसेचा एक झटका क्षणभरापासून फार तर दोन मिनिटांचा असतो. दाढेचं तसं नाही. थंड पाणी प्यालं, ग्लास खाली ठेवला, तरी ती कितीतरी वेळ ठणकत राहते, कधी रात्रभर. मधल्या वेळात दाढ कुरकुरत असते. माझ्या नसेला मधल्या वेळात काहीच नसायचं, फक्त पुढच्या झटक्याची भीती. (काहींना नसेच्या आजारातही मधे मंद दुखत राहतं. त्यांचं निदान खरंच अवघड.)

सुरू कशाने होतं, यातला फरक तर माझ्यासमोर रोज होता आणि मला दिसला नाही. दाढ थंड, गरम, गोड यांनी दुखते, वरून टकटक केलं तर दुखते. मला दाढेवर टकटक केल्याने काही होत नव्हतं. मला दुखायचं तोंड धुताना, पावडर लावताना, वर्गात हजेरी घेताना. आणि वाऱ्याने. एप्रिल लागला, कूलर सुरू झाला, वाळ्याच्या ताट्यांतून गार झोत गालावर आला की माझ्या हातातला घास तसाच राहायचा. बाहेर ४४-४५ अंश आणि आत मी कूलरकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून जेवतेय. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, आमच्यावर रुसली का?" फुटाळा तलावावर हवा खायला जाणं बंद झालं. स्कूटरवर वारा लागू नये म्हणून नागपूरच्या सगळ्या बायकांसारखा दुपट्टा बांधायचा, तर त्या दुपट्ट्याचं टोक गालाला लागलं तरी झटका. पुरुषांना दाढी करताना होतं. अर्धा गाल गुळगुळीत आणि अर्धा वाढलेला असा एक गृहस्थ मला दवाखान्याच्या बाकावर भेटला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो नाही, कारण हसलं तरी दुखतं.

रात्रीचंही उलटं. किडलेल्या दाढेने मला दोन-दोन वाजता उठवलं होतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, लवंगेचं तेल, सगळं करून झालं. नसेच्या दुखण्यात बहुतेकांना झोप लागते, मलाही लागायची. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे मोठा झटका येऊन गेला की थोडा वेळ नस थकल्यासारखी गप्प बसते, तेव्हा हात लावला तरी काही होत नाही. मी त्या मोकळ्या वेळात वरण-भात भराभर गिळून घ्यायची. दाढ अशी सवलत देत नाही.

मग चांगली दाढ काढल्यावर मला बरं कसं वाटलं? वाटलं ना, चक्क अडीच महिने. या आजारात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एक तर भुलीची सुई देतात, तेव्हा ती दाढेबरोबर नसेची ती फांदीही बधिर करते. झटक्याची जागा बधिर झाली की झटकाही थांबतो, आणि डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही वाटतं की दोषी सापडला. दुसरं, हा आजार आपोआप सुट्टीवर जातो. आठवडे, महिने, सुरुवातीला तर कधी वर्षभर. त्या सुट्टीच्या तोंडावर जे काही केलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. माझ्या बाबतीत ते दाढ काढण्याला मिळालं. त्या दवाखान्यातल्या बाकावर कोणी ते मानेच्या मालिशला देत होतं, कोणी कानात घातलेल्या तेलाला, एक बाई एका बाबांच्या अंगाऱ्याला. खोटं कोणीच बोलत नव्हतं. सगळ्यांना खरंच बरं वाटलं होतं. पुढे दिवाळीच्या आसपास माझं पुन्हा सुरू झालं, रिकाम्या हिरडीत. जी दाढ नाही तीच दुखायला लागल्यावर मात्र मी दातांच्या पलीकडे विचार केला.

उलटी चूकही होते. आमचे भाऊजी खर्रा खातात. घोटलेली सुपारी वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावून त्यांची दाढ तडकली. तडकलेली दाढ फार लबाड असते. ठणकत नाही, चावताना किंवा चावा सोडताना सुईसारखी एकच कळ येते, आणि एक्स-रेत बारीक तडा अनेकदा दिसत नाही. माझी गोष्ट ऐकलेली असल्यामुळे त्यांनी स्वतःच ठरवलं, "मलेही तेच झालं." आणि माझ्या डब्यातल्या नसेच्या दोन गोळ्या घेतल्या. दाढेला काही झालं नाही, ते मात्र दुपारभर गरगरत पडून राहिले. वारा, तोंड धुणं, बोलणं यांपैकी कशानेच त्यांना दुखत नव्हतं, फक्त चावताना. हा एक प्रश्न विचारला असता तरी काम झालं असतं.

गोळ्यांतही हाच फरक आहे, आणि दोन्हींना आपण 'दुखण्याची गोळी' म्हणतो. दाढदुखीला आयब्युप्रोफेनसारखी गोळी चालते, कारण ती सूज आणि सुजेतून येणारं दुखणं कमी करते. दुखलं तर घ्यायची. नसेच्या झटक्यावर तिचा उपयोग जवळजवळ नाहीच. मी दीड वर्षात ज्या खाल्ल्या त्यांतून फक्त पोटाची आग मिळाली. नसेला लागते ती मुळात फिटची गोळी, कार्बामाझेपीन. १९६२ पासून ती या दुखण्यावर वापरतात. ती नसेतून सटासट सुटणारे निरोप आवरते. दुखलं तर घ्यायची असं तिचं नसतं, दुखत नसलं तरी ठरल्या वेळी घ्यायचीच. कमी डोसपासून हळूहळू वाढवतात. मला शंभर मिलिग्रॅमपासून सुरू केली आणि चौथ्या दिवशी मी तोंड धुतलं. हे वाक्य ज्यांना साधं वाटेल त्यांना हा आजार नाही.

पण ही गोळी फुकटात काही देत नाही. झोप येते, तोल जातो. माझं रक्तातलं सोडियम उतरलं, वर्गात ओळखीच्या मुलांची नावं आठवेनात, आणि मला वाटलं म्हातारपण आलं. रक्त तपासल्यावर कळलं. म्हणून सोडियम, यकृत आणि रक्तपेशी अधूनमधून तपासून घ्याव्या लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड असं काही आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आशियाई लोकांतल्या काहींत एक जनुकीय खूण असते, तिच्यामुळे ही गोळी क्वचित जिवावर बेतते. तसं काही नसताना मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआयही करून घेतला. नसेला टेकलेली धमनी त्यात कधी दिसते, पण मुख्य म्हणजे गाठ किंवा दुसरा आजार नाही याची खात्री होते. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही गालांत होत असेल किंवा गाल बधिर वाटत असेल तर ही तपासणी टाळूच नये. गोळी पुरेनाशी झाली की ऑपरेशन असतं. कानामागून आत जाऊन नस आणि धमनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा बोळा ठेवतात. दहा वर्षांनंतरही साधारण सत्तर टक्के लोक दुखण्यापासून मोकळे राहिल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. कान अधू होण्याचा थोडा धोका असतो. ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नस शेकण्याचे किंवा किरणांचे मार्ग आहेत, त्यांत गाल बधिर होऊ शकतो. मी अजून गोळीवर आहे. कूलरची जाळी वर वळवून ठेवली आहे, तोंड धुवायला कोमट पाणी घेते, आणि तर्री-पोहे डाव्या बाजूने खाते.

मागच्या महिन्यात त्याच शेजारच्या काकू गाल धरून आल्या. "अवं, माही नस दुखून राहिली, तुह्यासारखीच. तुह्या डॉक्टरचा नंबर दे." मी त्यांना गालावरून बोट फिरवायला लावलं. काही नाही. पंख्यासमोर उभं केलं. काही नाही. मग माठातलं पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि गाल धरून खुर्चीत बसल्या. मी घड्याळाकडे बघितलं. सात मिनिटं झाली तरी त्या तशाच. मी त्यांना दाताच्या डॉक्टरांचा नंबर दिला.