निकेल आणि लिपो : ‘बॅटरी उतरली’ म्हणजे नेमके काय?

रिमोटवर चालणारी बोट नव्याने घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्जिंगला लावायची, नाहीतर तिला तशी सवय लागते.’ हा सल्ला निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटरीच्या काळातला आहे. निकेल-मेटल हायड्राइडच्या पॅकला (पॅक म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलचा संच) त्याची फारशी गरज राहिलेली नाही आणि लिथियम-पॉलिमरच्या, म्हणजे लिपोच्या, पॅकसाठी तर तो सरळसरळ घातक आहे. तरीही तो एकाकडून दुसऱ्याकडे तसाच चालत राहतो, आणि दर हिवाळ्यात कोणीतरी उशीसारखा फुगलेला पॅक हातात घेऊन ‘कंपनीने खराब माल दिला’ असे सांगत येतो.

घोटाळा होण्याचे कारण उघड आहे. सहा सेलच्या निकेल पॅकवर ७.२ व्होल्ट लिहिलेले असते, दोन सेलच्या लिपोवर ७.४, आकडे शेजारशेजारचे आणि पुष्कळदा प्लगही सारखाच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा मुकाट्याने बसतो. लिपो वजनाला हलका असतो, बोट त्याच्यावर जास्त वेगाने पळते आणि तो महागही पडतो. हे सर्वांना ठाऊक असल्याने त्यावर वेळ घालवत नाही. निकेलचा पॅक तर घरातल्या रिचार्जेबल पेन्सिल सेलचाच भाऊबंद आहे.

खरा फरक ‘उतरली’ या शब्दात आहे. निकेलचा सेल १.२ व्होल्टचा असतो आणि साधारण १ व्होल्टपर्यंत खाली नेला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. बोट मंदावली, आवाज बसला की आपण ती काठाकडे वळवतो. म्हणजे बोटीचा वेग हाच तिथे इशारा असतो. लिपोचा सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्टवर असतो, बराच काळ ३.७ च्या आसपास टिकतो आणि शेवटी कड्यावरून पडावे तसा एकदम घसरतो. बोट मंदावल्याचे तुमच्या लक्षात येते तेव्हा सेल त्या कड्यावरून खाली गेलेला असतो. ३ व्होल्टच्या खाली गेलेल्या लिपोचा अंतर्गत रोध वाढतो आणि आत वायू धरून तो फुगू लागतो. फारच खाली गेला तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी तेच तांबे भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून निकेलच्या बाबतीत ‘उतरली’ म्हणजे आता चार्ज करा, आणि लिपोच्या बाबतीत ‘उतरली’ म्हणजे तुम्हाला उशीर झाला.

हे मीही फुकट शिकलेलो नाही. एका रविवारी सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर ‘अजून एक फेरी’ म्हणून बोट वळवली आणि ती काठापासून साठ-सत्तर मीटरवर जागच्या जागी थांबली. ‘काका, मी जाऊन आणतो ना,’ म्हणत एक पोरगा चपला काढू लागला, त्याला हात धरून थांबवावे लागले, कारण तलावाच्या गाळात पाय रुतण्यापुढे कोणतीही बोट महाग नाही. वाऱ्याने ती चाळीस मिनिटांनी काठाला लागली. मोजून पाहिले तर एक सेल ३.३ वर होता आणि दुसरा २.६ वर, दोन्हींची बेरीज ५.९ येते आणि निकेलच्या हिशेबाने (सहा सेल, प्रत्येकी साधारण १ व्होल्ट) ती अगदी निरुपद्रवी दिसते. त्या दिवसापासून मी पॅकची एकूण बेरीज पाहत नाही, बॅलन्स लीडवर, म्हणजे प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारांच्या वेगळ्या प्लगवर, प्रत्येक सेल वेगळा मोजतो. आणि वारा ज्या काठाकडे वाहत असेल त्याच काठावर उभा राहतो.

वेगाच्या भरवशावर राहता येत नसेल तर घड्याळाच्या भरवशावर राहावे. नवा पॅक पूर्ण भरून बोट तीनच मिनिटे चालवावी, बाहेर काढावी आणि चार्जरने परत किती भरले ते पाहावे. समजा ५००० एमएएचच्या (एमएएच हे पॅकमध्ये किती वीज मावते याचे माप) पॅकमध्ये १८०० परत गेले, तर मिनिटाला ६०० खर्च होतात. पॅकचा चार पंचमांश भागच वापरायचा, म्हणजे ४००० एमएएच, म्हणजे साडेसहा मिनिटे. रिमोटवर टायमर पाचचा लावावा, कारण काठावर परतायलाही बॅटरीच लागते, आणि जलपर्णीचा एखादा धागा पंख्यात अडकला तर मोटर आणखी जास्त ओढते.

स्पीड कंट्रोलरमध्ये, म्हणजे बॅटरीतून मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणाऱ्या भागात, लिपो आणि निकेल असे दोन पर्याय असतात. तो निकेलवर राहिला तर लिपो फारच खाली जाईपर्यंत कंट्रोलर बोट थांबवत नाही, म्हणून पॅक बदलला की ही सेटिंगही बदलावी. जाता जाता: रिमोट आधी चालू, बोट नंतर, बंद करताना बोट आधी.

चार्जरची गल्लत मात्र क्षम्य नाही. निकेलचा चार्जर पॅक भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येण्याची वाट पाहतो. लिपोमध्ये तशी घसरण येतच नाही, त्यामुळे तो ४.२ ओलांडूनही भरतच राहतो आणि त्याचा शेवट आगीत होऊ शकतो. लिपो बॅलन्स चार्जरवरच (तो प्रत्येक सेलवर वेगळे लक्ष ठेवून सगळे सारखे भरतो), फरशीवर, डोळ्यांसमोर भरावा. पाण्यातून आलेला गरम पॅक दहा मिनिटे कूलरसमोर धरून लगेच चार्जिंगला लावणारी मंडळी मी पाहिली आहेत. वरचे प्लास्टिक थंड लागते, आतला सेल तसाच तापलेला असतो.

ठेवण्याच्या बाबतीतही दोघे विरुद्ध आहेत. निकेलचा पॅक भरून ठेवला तरी फारसे बिघडत नाही, लिपो मात्र भरलेलाही ठेवू नये आणि रिकामाही ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा, बहुतेक बॅलन्स चार्जरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत भरलेला लिपो विसरणे मला अजिबात मान्य नाही. माझे पॅक होळीनंतर पत्र्याच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, खालच्या फळीवर जातात.