नातवाच्या नाकातून आजोबांच्या फुफ्फुसात

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा कोकणातला पाऊस अजून सरलेला नसतो. घर भरतं, खिडक्या लावलेल्या असतात, चुलीचा धूर माजघरात कोंडतो आणि शेंबडी नातवंडं दिवसभर आजी-आजोबांच्या मांडीवर असतात. त्या शेंबडात पुष्कळदा न्यूमोकॉकस नावाचा जंतू असतो. पोराला त्याचा काही त्रास नसतो, ते अंगणात खेळत असतं. तोच जंतू सत्तरीच्या माणसाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या फुफ्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो. कधी तो रक्तात शिरतो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो.

न्यूमोनिया विषाणूंमुळेही होतो, पण जिवाणूंपैकी सर्वांत जास्त बळी हाच जंतू घेतो. त्याची सगळी ताकद कवचात आहे. शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचं हे बुळबुळीत कवच असलं की पांढऱ्या पेशींना जंतू पकडताच येत नाही. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी 1928 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कवच असलेले जंतू टोचलेले उंदीर मेले, कवच नसलेले टोचलेले जगले. म्हणजे कवच ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं, म्हणजेच प्रतिपिंडं, शरीरात तयार केली की काम झालं, असं वाटेल. अडचण ही की कवचाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि एकाची प्रतिपिंडं सहसा दुसऱ्याला चालत नाहीत.

1983 साली 23 प्रकारच्या कवचांची लस आली. मोठ्यांना तिचा उपयोग झाला, दोन वर्षांखालच्या मुलांना मात्र जवळपास नाही. नुसत्या शर्करेला बाळाचं शरीर नीट प्रतिसाद देत नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना टी-पेशींची मदत लागते, आणि टी-पेशी ओळखतात ती प्रथिनं. म्हणून शास्त्रज्ञांनी कवचाचे तुकडे एका प्रथिनाला रासायनिक बंधांनी जोडले. बहुतेक वेळा हे प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी केलेलं रूप असतं. अशी सात प्रकारांची लस 2000 साली अमेरिकेत बाळांना द्यायला सुरुवात झाली, आणि लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांमधला आजारही कमी झाला! लस घेतलेल्या बाळाच्या नाकात ते प्रकार फारसे टिकेनात, त्यामुळे घरातल्यांपर्यंत पोहोचेनात. या साऱ्या संशोधनातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. ज्या गावांत म्हातारी माणसंच जास्त उरली आहेत, तिथे पाळण्यातल्या बाळाची लस आजीलाही राखते.

पण नाक रिकामं राहत नाही. खाचरात बेणणी करून एक तण काढलं की दुसऱ्याला जागा मिळते, तसा अमेरिकेत लसीत नसलेला 19ए हा प्रकार फोफावला. त्यावर मग 13 प्रकारांची लस आणावी लागली.

आपल्या सरकारी कार्यक्रमात अशी प्रथिनाला जोडलेली लस 2017 पासून काही राज्यांत आणि 2021 पासून देशभर आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 10 प्रकारांची स्वस्त लस 2020 मध्ये भारतात आणली, तिच्यात 19ए आहे. बाळ दीड महिन्याचं, साडेतीन महिन्यांचं आणि नऊ महिन्यांचं झालं की उजव्या मांडीत डोस देतात. उपकेंद्रात सिस्टरने काढलेली कुपी जरा निरखून पाहा. तिच्यावर एका वर्तुळात छोटा चौकोन असतो. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. उष्णता लागत गेली की तो गडद होतो. लस गोठूनही चालत नाही. गोठून वितळलेली कुपी हलवून ठेवली तर आतला साका भराभर तळाशी बसतो. पावसात वीज जाते तेव्हा दोन ते आठ अंश सांभाळणं किती जिकिरीचं असतं, हे आरोग्य केंद्रातल्या माणसांनाच ठाऊक.

मग प्रकार वाढवत का जाऊ नये? तेही चालूच आहे. मोठ्यांसाठी 2021 मध्ये 20 आणि 2024 मध्ये 21 प्रकारांच्या लसींना अमेरिकेत मान्यता मिळाली. पण प्रत्येक प्रकार वेगळा वाढवायचा, त्याचं कवच शुद्ध करायचं, जोडायचं, तपासायचं, म्हणजे किंमत चढत जाते. कवच ज्याला जोडतात ते वाहक प्रथिन फार झालं तर कवचाला मिळणारा प्रतिसाद मंदावूही शकतो. तिसऱ्या क्रमांकाचा प्रकार तर आपलं कवच अंगावरून सोडतो, आणि प्रतिपिंडं त्या सुट्या कवचालाच चिकटून वाया जातात.

म्हणून काही संशोधक कवच बाजूला ठेवून सर्व प्रकारांत सापडणाऱ्या प्रथिनांकडे वळले आहेत. जंतूचं न्यूमोलायसिन हे पेशींना भोकं पाडणारं विष त्यांपैकी एक. वाट सोपी नाही. गांबियातल्या बाळांवरच्या एका चाचणीत नेहमीच्या लसीला अशी दोन प्रथिनं जोडून पाहिली, तरी नाकातले जंतू जास्त घटले नाहीत. कवच नसलेला अख्खा जंतू मारून त्याची लस करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. मला स्वतःला ही दिशा सोडू नये असंच वाटतं, कारण प्रकार मोजत बसण्यातून सुटका तिथेच आहे.

तोवर आपल्याकडे कोणते प्रकार फिरतात, यावर लक्ष हवं. हा जंतू प्रयोगशाळेतही अवघड. वाढता वाढता स्वतःच्याच विकराने (एन्झाइमने) फुटून मरतो. शिवाय रक्ताचा नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलेलं असलं तर जंतू वाढवायच्या बशीत काहीच उगवत नाही. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. न्यूमोनियाच्या रुग्णाचा नमुना औषधाआधी घेऊन जंतूचा प्रकार नोंदवण्याचं काम तिथे नेमाने व्हायला हवं. पुढची लस कोणत्या प्रकारांची हवी, ते त्या नोंदींवरूनच ठरेल.