दोन देशांत न्यूरोसायन्स: अर्ज भरण्याआधी नावाचं बघा

मेंदू आणि वर्तनाचा अभ्यास एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, अशा मास्टर्सची चौकशी आमच्याकडे बरीच होते. त्यातही लंडनचं यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) आणि पॅरिसची विद्यापीठं मिळून चालवतात त्या ब्रेन अँड माइंड सायन्सेसची. दोन वर्षं पूर्ण केली की दोन्हीकडची पदवी मिळते.

पालकांचा ठरलेला प्रश्न: व्हिसा एकच ना? नाही. ब्रिटन आणि फ्रान्स आपापला व्हिसा वेगळा देतात, तेव्हा व्हिसे दोन. ब्रिटनसाठी टीबीची तपासणी, फ्रान्ससाठी आधी कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची प्रक्रिया आणि पोहोचल्यावर तीन महिन्यांत व्हिसाची ऑनलाइन नोंद. हे किचकट आहे, पण सरळ आहे.

घोडं अडतं ते नावावर. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शिवाय खाली आईचं. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने, आणि वडिलांचं नाव कुणाच्या असतं, कुणाच्या नसतं. मुलं लंडनचा अर्ज एका पद्धतीने भरतात, पॅरिसचा दुसऱ्या, आयईएलटीएसला तिसरंच नाव. मृण्मयीच्या स्पेलिंगचं तर विचारूच नका. मग दोन विद्यापीठांच्या दफ्तरी एकाच मुलीच्या दोन मुली होतात आणि ईमेलांत आठवडे जातात.

पासपोर्टवर जे रकाने आहेत तेच, तसेच, सगळीकडे उतरवा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही तेच नाव कळवा. नावांचा नुसता क्रम वेगळा असेल तर गुणपत्रिका दुरुस्त करायला विद्यापीठात खेटे घालू नका. बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रावर भागतं. स्पेलिंगच वेगळं असेल तर मात्र आधी आमच्याकडे या.

जन्मदाखलाही काढून पाहा. फ्रान्समध्ये आरोग्य विम्याच्या नोंदणीला तो लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. ते नाव नगरपालिकेत चढवून घ्यायचं काम इथे असतानाच करा, पॅरिसहून फोनवर होत नाही. आणि कागद लॅमिनेट करू नका. अपॉस्टीलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार लावतं तो, स्टिकर मूळ कागदाच्या मागे लागतो, प्लास्टिकवर नाही.

आम्ही पासपोर्ट पाहिल्याशिवाय फॉर्म उघडत नाही, म्हणून काही जण वैतागतात. वैतागू देत. एसओपी, म्हणजे हाच कोर्स का हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध, तोही आम्ही लिहून देत नाही. मुलाखतीत प्राध्यापक विचारणार, तुला उंदरांवर काम करायचंय की माणसांच्या एफएमआरआयवर (मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनवर), तेव्हा उत्तर तुमचंच हवं. यूसीएलचे मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांच्या २०१४ च्या नोबेलने सुरू होणारे मसुदे आम्ही पुष्कळ वाचलेत, तुमच्या बी.एस्सी.च्या प्रोजेक्टपासून सुरू करा. मसुदा आणलात तर लाल पेनाने तपासून देतो, तेवढं फीमध्येच आहे.

पहिल्या भेटीला पासपोर्ट, दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि जन्मदाखला आणा. नावांची जुळणी तिथल्या तिथे करून देतो, तिचे पैसे घेत नाही.