बॉम्बे आर्ट सोसायटी आणि नवोदित कलावंत

बॉम्बे आर्ट सोसायटी ही मुंबईत १८८८ साली स्थापन झालेली, देशातल्या जुन्या कलासंस्थांपैकी एक. दरवर्षी चित्र-शिल्पांचे खुले प्रदर्शन भरवणे हे तिचे मुख्य काम. सुरुवातीला तिथे इंग्रज हौशी चित्रकारांचाच वावर होता. पण काही वर्षांतच सर ज. जी. कलाशाळेतली मराठी मुले साहेबांच्या बरोबरीने बक्षिसे घेऊ लागली. १८९५ साली म. वि. धुरंधर यांना सुवर्णपदक मिळाले. गणपतराव म्हात्रे यांचे विद्यार्थीदशेतले शिल्प ‘मंदिरपथगामिनी’ याच प्रदर्शनातून लोकांपुढे आले.

नाव नसलेल्या चित्रकाराला संस्थेकडून सर्वांत आधी हवी असते ती भिंत. एकट्याचे प्रदर्शन भरवायचे तर हॉलचे भाडे, चौकटी, निमंत्रणपत्रिका, सगळा खर्च अंगावर येतो. वार्षिक प्रदर्शनात एक-दोन चित्रे आणि प्रवेश शुल्क एवढ्यावर भागते, आणि निवड झाली की नवख्याचे चित्र नामवंताच्या चित्राशेजारी लागते. चित्रे जमा करण्याचा दिवस पाहण्यासारखा असतो. जुन्या चादरीत गुंडाळलेले कॅनव्हास घेऊन मुले-मुली रांगेत उभी असतात. चित्रामागच्या चिठ्ठीवर नाव, शीर्षक, माध्यम, आकार भराभर लिहून होते. हात अडतो तो किमतीच्या रकान्यापाशी. आपल्या कामाची किंमत स्वतः ठरवण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ असते.

पदकाचे महत्त्व आहेच. ‘तीन मुली’ या चित्रासाठी अमृता शेरगिल यांना १९३७ साली सुवर्णपदक मिळाले. पण पदकापेक्षा मोलाची होती ती त्या भिंतीभोवतीची वर्दळ. १९४०च्या दशकात मुंबईत खासगी गॅलऱ्या जवळजवळ नव्हत्याच आणि जहांगीर कलादालन उघडायला १९५२ साल उजाडायचे होते. त्या काळात रॅम्पार्ट रो इथल्या सोसायटीच्या दालनात चित्रकार, समीक्षक आणि ग्राहक एकमेकांना भेटत. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर तरुणांना जवळ करत, रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी लिहीत, इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत. सय्यद हैदर रझा यांचा प्रवास याच वाटेने झाला. १९४६ साली याच दालनात पहिले एकल प्रदर्शन, १९४८ साली सुवर्णपदक आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस.

खुल्या निवडीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. परीक्षक आपल्या काळाच्या अभिरुचीने बघतात. घरकाम आणि गाड्या धुण्याचे काम करत चित्रे काढणारे कृष्णाजी हौळाजी आरा यांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर मोठे चित्र रंगवले होते; ते १९४७ साली सोसायटीच्या प्रदर्शनासाठी नाकारले गेले. या नाराजीतून फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. आरा आणि रझा त्यात होतेच. मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे बाकीचे तिघे. १९४९ साली या ग्रुपचे मुंबईतले प्रदर्शन भरले ते सोसायटीच्याच दालनात, आणि उद्घाटन इंग्रजी लेखक मुल्कराज आनंद यांनी केले. नाकारलेल्यांनाही आपले दार उघडे ठेवणे ही या संस्थेच्या इतिहासातली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पुढे वार्षिक प्रदर्शन जहांगीर कलादालनात भरू लागले. तरुणांसाठी बेंद्रे-हुसेन शिष्यवृत्ती सुरू झाली आणि वांद्रे रेक्लमेशन भागात संस्थेची स्वतःची इमारतही उभी राहिली.

मात्र प्रदर्शन उतरले की नवोदिताचा खरा प्रश्न तसाच राहतो: काम करायचे कुठे? मुंबईच्या खोलीत चार फुटी कॅनव्हास उभा केला तर घरच्यांना झोपायला जागा उरत नाही. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने १९५०-६०च्या दशकांत ही उणीव भरून काढली. तिथे चित्रकारांना नाममात्र भाड्याने खोल्या मिळत. वासुदेव गायतोंडे, हुसेन आणि त्यांच्याहून बऱ्याच लहान असलेल्या नसरीन मोहमदी तिथे काम करत. त्याच वास्तूत इब्राहिम अल्काझींची नाटके होत आणि रविशंकरांची संगीतशाळाही चाले. तरुण चित्रकाराला जिना चढता-उतरता एवढी माणसे भेटत, असे ठिकाण मुंबईत पुन्हा झाले नाही. ती वास्तू पुढे पाडण्यात आली.